दिवाळीची नानकटाई : साचा लहान घ्या!

धंतोली म्हणजे नागपूरचा दवाखान्यांचा मोहल्ला. एका चौकातून दुसऱ्या चौकापर्यंत चालत गेलात तरी निम्म्या पाट्या डॉक्टरांच्याच दिसतील. माझा दवाखाना लहान आहे. सर्दी-खोकला, ताप, रक्तदाब आणि मधुमेह हीच तिथली रोजची गर्दी. मात्र भाऊबीज संपली की पुढचे पंधरा दिवस या गर्दीचा रंग बदलतो. रुग्ण एका हातात रक्तातील साखरेचा रिपोर्ट आणि दुसऱ्या हातात फराळाचा डबा घेऊन येतात. रिपोर्ट टेबलावर ठेवतात, डबा त्याच्या बाजूला ठेवतात आणि म्हणतात, "डॉक्टरसाहेब, साखर थोडी वाढली आहे. आणि ही नानकटाई, घरीच केली आहे, तुमच्यासाठी."

रिपोर्ट वाढण्याचे कारण बहुतेक वेळा त्या बाजूच्या डब्यातच असते.

आजचा विषय हीच नानकटाई, आणि तिच्यासोबत घरोघरी होणारी साच्याची गोड बिस्किटे. अलीकडे घरात ओव्हन आल्यामुळे दिवाळीला पणतीच्या आणि आकाशकंदिलाच्या आकाराची, नाताळात चांदणीच्या आणि झाडाच्या आकाराची बिस्किटे मुले हौसेने करतात. सदर भागात आणि इतरत्र राहणाऱ्या आपल्या ख्रिस्ती मित्रांकडे तर नाताळात केक आणि कुलकुलांबरोबर अशी बिस्किटे असायचीच. हौस चांगली आहे. तिच्यावर बंदी घालण्यासाठी हा लेख नाही. उलट अशी बंदी मी स्वतः एकदा घातली होती आणि ती माझ्या रुग्णाच्या जिवावर बेतली होती. ती हकीकत आधी सांगतो.

एक चुकलेला सल्ला

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक येत असत. वय अडुसष्ट, मधुमेह बारा वर्षांचा, औषध म्हणजे साखर कमी करणाऱ्या गोळ्या. माणूस अतिशय शिस्तीचा. धनत्रयोदशीला ते तपासणीसाठी आले. दवाखान्यात गर्दी होती. मी कागद पाहिला आणि घाईत म्हणालो, "सर, दिवाळीत गोड बंद. एकदम बंद." सरांनी मान हलवली आणि ते गेले.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी घरात नानकटाईचा ताजा डबा उघडला गेला. सर्व मंडळी बाहेरच्या खोलीत असताना सर स्वयंपाकघरात गेले आणि उभ्या उभ्या सहा नानकटाया खाल्ल्या. संध्याकाळी त्यांना अपराधी वाटू लागले. आता हिशेब सरळ करावा म्हणून ते रात्री जेवले नाहीत. "पोट जड आहे," एवढेच सांगितले. पण शिस्तीचा माणूस असल्यामुळे रात्रीची गोळी मात्र न विसरता घेतली.

पहाटे तीनच्या सुमारास काकूंना जाग आली तेव्हा सरांचे कपडे घामाने भिजले होते. ते काहीतरी असंबद्ध बोलत होते. घरच्यांना वाटले, अर्धांगाचा झटका आला. मुलाला कुठेतरी ऐकलेले आठवले की साखर कमी झाली तर गोड द्यावे. हाताशी नानकटाईचा डबा होता. त्याने एक तुकडा वडिलांच्या तोंडात घातला. त्यांना गिळता येईना, जोराचा ठसका लागला, श्वास अडकल्यासारखा झाला. नशिबाने तुकडा बाहेर पडला. रुग्णालयात पोहोचल्यावर रक्तातील साखर निघाली ३८. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत सर शुद्धीवर आले आणि "मी इथे कसा?" असे विचारू लागले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना भेटायला गेलो. त्यांनी सगळे खरे सांगितले आणि शेवटी म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही नाही म्हणालात. किती, ते सांगितलंच नाही."

या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. पूर्ण बंदी घातली की माणूस चोरून खातो, चोरून खाल्ले की मोजून खात नाही आणि मग भरपाई म्हणून जेवण टाळतो. त्या दिवसापासून मी सणाच्या आधी रुग्णाला "नाही" सांगत नाही, "किती" ते सांगतो. ते सांगता यावे म्हणून नानकटाईत नेमके काय असते हे आपण पाहू.

भट्टीवरची रांग

माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल, आपल्या लहानपणी घरात ओव्हन नव्हते. महालातल्या आमच्या वाड्यात दिवाळीच्या आठ दिवस आधी मैदा, रवा, दळलेली साखर आणि डालडा यांचे डबे भरले जात. ते घेऊन आम्ही मुले बेकरीच्या भट्टीवर रांग लावायचो. बेकरीवाला आपल्यासमोर पीठ मळून देई, आपण गोळे करून पत्र्याच्या ट्रेवर मांडायचे. अंगठ्याने मध्ये दाबायचे आणि त्या खळग्यात चारोळीचा दाणा बसवायचा. चारोळी आपल्या विदर्भाच्या जंगलातली, त्यामुळे घरात असायचीच. ट्रे भट्टीत गेला की तासभर तो वास घेत उभे राहायचे आणि किलोमागे भाजणावळ देऊन डबे घरी आणायचे. दुसऱ्याचा ट्रे आपल्या डब्यात जाऊ नये म्हणून लक्ष ठेवायचे, हे मुलांचे काम.

नानकटाई मुळात सुरतेची मानली जाते. तिथे डच व्यापाऱ्यांच्या पावभट्टीवर काम करणाऱ्या पारशी कारागिरांनी, डच निघून गेल्यावर, स्थानिक लोकांच्या आवडीप्रमाणे हे बिस्किट घडवले अशी हकीकत सांगितली जाते. सुरतेहून मुंबईला आणि तिथून रेल्वेच्या मार्गाने बेकऱ्या जिथे जिथे गेल्या तिथे तिथे नानकटाई गेली. ती अंड्याशिवाय होते, यीस्टशिवाय होते आणि महिनाभर टिकते, त्यामुळे आपल्या फराळात तिने चकली-चिवड्याच्या शेजारी जागा मिळवली.

डालड्याची जागा मात्र नंतर आली. हा वनस्पती तुपाचा डबा आपल्या देशात १९३७ साली बाजारात आला. साजूक तूप महाग, हे स्वस्त, दिसायला रवाळ, आणि पदार्थ खुसखुशीत होणार. मध्यमवर्गीय घरांनी ते आनंदाने स्वीकारले. आमच्या आईने स्वीकारले, त्यात तिची काही चूक नव्हती. त्या काळी डॉक्टरांनाही यापेक्षा जास्त माहिती नव्हती.

भाजलेले म्हणजे हलके नव्हे

दवाखान्यात मला सर्वांत जास्त ऐकू येणारा गैरसमज हा : "डॉक्टरसाहेब, मी तळलेलं काही खाल्लं नाही. फक्त नानकटाई खाल्ली, ती तर भाजलेली असते."

चकली तेल पिते ते आपल्याला डोळ्यांनी दिसते. नानकटाईतील तूप दिसत नाही, कारण ते पिठातच मळलेले असते. आमच्या घरचे प्रमाण होते अर्धा किलो डालडा, अर्धा किलो पिठीसाखर आणि त्यात मावेल तेवढा मैदा-रवा, म्हणजे साधारण पाऊण किलो. यातून पंचवीस ग्रॅमच्या सत्तर नानकटाया होत. आता हिशेब करा. एक ग्रॅम तुपातून नऊ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम साखरेतून चार आणि मैद्यातून साधारण साडेतीन. सगळे मिळून नऊ हजारांच्या वर कॅलरी. सत्तरने भागले की एका नानकटाईत सुमारे १३० कॅलरी, सात ग्रॅम तूप आणि सात ग्रॅम साखर.

एक मध्यम पोळी, वरून तूप न लावता, ८० ते ९० कॅलरींची असते. म्हणजे एक नानकटाई दीड पोळीच्या बरोबरीची. चहाबरोबर गप्पा मारताना चार नानकटाया कधी संपतात ते कळत नाही, पण त्या सहा पोळ्या झाल्या. त्यातील साखर २८ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेल्या साखरेतून मिळणाऱ्या कॅलरी एकूण आहाराच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असाव्यात आणि पाच टक्क्यांपर्यंत आणता आल्या तर अधिक चांगले. दोन हजार कॅलरींच्या आहारात दहा टक्के म्हणजे ५० ग्रॅम साखर. चार नानकटायांत निम्म्याहून जास्त कोटा संपला, आणि चहा, लाडू, करंजी अजून बाकीच आहेत.

हे सर्वांना सांगण्याचे कारण असे की मधुमेह आता काही मोजक्या घरांचा आजार राहिलेला नाही. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेले आणखी १३ कोटी ६० लाख. ही उंबरठ्यावरची मंडळी स्वतःला निरोगी समजतात आणि डब्यात हात घालताना मोजत नाहीत.

डालड्याचे काय झाले?

तेल पातळ असते. त्यात निकेल या धातूच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळला की ते घट्ट होते. ही क्रिया अर्धवट केली तर तेलातील काही स्निग्धाम्लांची ठेवण बदलते. त्यांना ट्रान्स फॅट म्हणतात. १९९० साली मेन्सिंक आणि काटान या नेदरलँड्सच्या संशोधकांनी दाखवून दिले की ट्रान्स फॅटमुळे रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढते आणि चांगले कोलेस्टेरॉल कमी होते. म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांना दुहेरी मार. पुढे डेन्मार्कने २००३ साली कायद्याने त्यावर मर्यादा घातली.

आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणली. आधी दहा टक्के, मग पाच, २०२१ मध्ये तीन आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्के. हे चांगले झाले. पण यावरून "आता डालडा चालतो" असा अर्थ काढू नका. ट्रान्स फॅट कमी करून पदार्थ घट्ट ठेवायचा तर बहुधा पामतेलातील घट्ट चरबी वापरावी लागते. तिला संपृक्त चरबी म्हणतात आणि तीही वाईट कोलेस्टेरॉल वाढवते. शिवाय सुटे, पाटी नसलेले तूप कोणत्या कारखान्याचे, ते कुणी सांगू शकत नाही.

मग साजूक तूप? वर्षातून एकदोनदा, मोजक्या प्रमाणात, घरच्या नानकटाईला साजूक तूप हेच मी सुचवतो. त्याची चव खरी असते, थोडक्यात समाधान होते. पण तेही बहुतांश संपृक्त चरबीच आहे आणि कॅलरी डालड्याइतक्याच, ग्रॅमला नऊ. "साजूक आहे, बाधत नाही" हे वाक्य माझ्या दवाखान्यात चालत नाही.

घरी करा, पण अशी करा

माझ्या पत्नीने दोन-तीन दिवाळ्या प्रयोग करून हे प्रमाण बसवले आहे. कणीक १०० ग्रॅम, मैदा ७५ ग्रॅम, बेसन २५ ग्रॅम, साजूक तूप १०० ग्रॅम, पिठीसाखर ७५ ग्रॅम, पाव चमचा बेकिंग पावडर, वेलची, लागेल तसे एकदोन चमचे दूध. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात. एक संत्रे कोमट पाण्याने चांगले चोळून धुऊन त्याच्या सालीचा फक्त वरचा नारिंगी भाग बारीक किसून घाला. सालीखालचा पांढरा भाग कडू लागतो, तो घेऊ नका. या किसामुळे वास असा येतो की साखर कमी आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

तूप आणि साखर हाताने किंवा चमच्याने पांढरी, हलकी होईपर्यंत फेसा. खुसखुशीतपणा बराचसा या फेसण्यात आहे. पिठे एकत्र चाळून त्यात मिसळा, फार मळू नका. गोळा झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. मग अर्धा सेंटिमीटर जाड लाटून साच्याने कापा. साचा नसेल तर बाटलीचे स्वच्छ झाकण चालते. साच्याचे आकार भट्टीत पसरू नयेत यासाठी दोन गोष्टी लक्षात ठेवा. बेकिंग पावडर पाव चमच्यापेक्षा जास्त नको आणि कापलेली बिस्किटे भाजण्यापूर्वी पुन्हा पंधरा-वीस मिनिटे थंड करायची. तूप घट्ट राहिले तर पणतीची पणतीच राहते, नाहीतर तिची भाकरी होते.

ओव्हन आधी तापवून १६० ते १७० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे भाजा. कडा किंचित गुलाबी दिसल्या की काढा. गरम असताना ती मऊ लागतात, थंड झाल्यावर कडक होतात. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या गंजात मिठाचा थर द्या, त्यावर रिंगण ठेवून झाकण लावा आणि दहा मिनिटे तापवा. मग ताटली आत ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे भाजा. कुकर वापरायचा असेल तर शिट्टी आणि रबराची रिंग दोन्ही काढूनच वापरा. आत पाणी घालू नका.

वरच्या प्रमाणात पंधरा ग्रॅमची पंचवीस बिस्किटे होतात. एका बिस्किटात सुमारे ७५ कॅलरी आणि तीन ग्रॅम साखर. जुन्या नानकटाईत १३० कॅलरी आणि सात ग्रॅम साखर होती. साखर कमी केली हे खरे, पण तुपाचे प्रमाण फारसे बदललेले नाही. तूप त्याहून कमी केले तर बिस्किट दगड होते. कॅलरी कमी झाल्या त्या मुख्यतः आकार लहान केल्यामुळे. माणूस बिस्किटे नगावर मोजतो, वजनावर नाही. "दोन खाल्ली" असे म्हणताना ती केवढी होती हे कुणी सांगत नाही. म्हणून मी घरोघरच्या सुनांना आणि मुलांना सांगतो, साचा लहान घ्या.

मुलांबरोबर करताना

मुलांना या कामात जरूर घ्या. स्वतः कापलेली चांदणी मूल जपून खाते. पण तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, कच्चे पीठ चाटू देऊ नका. मैदा, कणीक ही कच्ची धान्ये आहेत, त्यांत जंतू असू शकतात. अमेरिकेत २०१६ साली कच्च्या मैद्यातून ई. कोलाय या जंतूची साथ पसरली होती. अंडे घालत असाल तर ही काळजी दुप्पट.

दुसरी, रंग. वरच्या साखरेच्या सजावटीसाठी सुट्टा रंग आणू नका. मेटॅनिल यलो नावाचा पिवळा रंग अन्नात वापरायला बंदी आहे, तरी तो भेसळीत सापडत आला आहे. विकतचा खाद्यरंग घ्यायचाच असेल तर बंद पाकीट, त्यावर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख पाहून घ्या. त्याहून सोपे म्हणजे पिवळ्यासाठी केशर किंवा चिमूटभर हळद, गुलाबीसाठी बीटाचा रस, तपकिरीसाठी कोको. पाच वर्षांच्या आतील मुलांच्या बिस्किटांवर साखरेचे चंदेरी मणी लावू नका. ते घशात अडकू शकतात.

तिसरी, भाजणे. दिवाळीत फटाक्यांच्या भाजण्याकडे आपले लक्ष असते, पण ओव्हनचा तापलेला ट्रे आणि कढईचे झाकण यांनीही मुलांचे हात भाजतात. भाजले तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. टूथपेस्ट, शाई, तूप, हळद काही लावू नका. बर्फही नको. फोड आला तर फोडू नका, डॉक्टरला दाखवा.

मधुमेहींसाठी सरळ हिशेब

आता मुख्य भाग. ज्यांची साखर औषधाने आटोक्यात आहे त्यांनी सणाच्या दिवशी वर सांगितलेली लहान बिस्किटे दोन, एवढे धरून चालावे. तीही जेवणानंतर किंवा जेवणाबरोबर, रिकाम्या पोटी नाही. त्या जेवणातील एक ते दीड पोळी किंवा तेवढा भात कमी करा. त्या दिवशी लाडू किंवा करंजी खाल्ली असेल तर बिस्किट दुसऱ्या दिवशी. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चाला. ज्यांची साखर आधीच फार वाढलेली आहे, मूत्रपिंडाचा त्रास आहे किंवा नुकताच हृदयविकार होऊन गेला आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

बिस्किट खाल्ले म्हणून पूर्ण जेवण टाळू नका. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण टाळले तर सरांचे जे झाले तेच होईल. बिस्किट खायचे म्हणून स्वतःच्या मनाने इन्सुलिन किंवा गोळी वाढवूही नका.

साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, अचानक लागलेली भूक, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे दिसतात. अशा वेळी नानकटाई देऊ नका. तिच्यातील तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते आणि कोरडा चुरा घशात अडकतो. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, गरज पडल्यास पुन्हा द्या आणि बरे वाटल्यावर पोळी किंवा भात खायला द्या. नंतर त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना कळवा, कारण काही गोळ्यांचा परिणाम बराच वेळ राहतो आणि साखर पुन्हा खाली जाऊ शकते. माणूस बेशुद्ध किंवा गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर झोपवा, १०८ ला फोन करा किंवा ताबडतोब रुग्णालयात न्या. हा परिच्छेद कापून फ्रीजच्या दारावर लावला तरी चालेल.

नेहमीचे प्रश्न

गुळाची नानकटाई चालते का? चव छान लागते, जरूर करा. पण मधुमेहीच्या दृष्टीने गूळ आणि साखर यांत फरक मानू नका. मधाचेही तसेच.

"शुगर फ्री" लिहिलेली बिस्किटे? त्यात साखर नसेल, पण मैदा आणि चरबी असतेच. मैद्याचीही रक्तात साखरच होते. पाकिटावरील ते दोन शब्द पाहून मनसोक्त खाणारे अनेक रुग्ण मी पाहिले आहेत.

रक्तदाब आहे, सोडा चालेल का? पूर्ण चमचाभर सोड्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम असते, हे खरे. पण घरच्या घाण्यात आपण पाव चमचा घालतो आणि तो पंचवीस बिस्किटांत विभागला जातो. त्याला घाबरू नका. रक्तदाबवाल्यांनी शेव, चिवडा, चकली आणि लोणचे यांतील मिठाला घाबरावे.

किती दिवस ठेवावी? पूर्ण थंड करून कोरड्या घट्ट डब्यात पंधरा दिवस. ओला हात घालू नका. खवट वास आला तर "वाया जाते" म्हणून खाऊ नका, टाकून द्या.

शेवटी पुन्हा त्या सरांकडे येतो. पुढच्या वर्षी धनत्रयोदशीला ते आले तेव्हा मी खुर्ची पुढे ओढून बसवले आणि कागदावर लिहून दिले : दिवसाला दोन, लहान, जेवणानंतर, पाच दिवस. रात्रीचे जेवण चुकवायचे नाही. भाऊबीजेनंतर ते रिपोर्ट घेऊन आले. जेवणानंतरची साखर नेहमीपेक्षा थोडी जास्त होती, पण घाबरण्यासारखी नव्हती. त्यांच्या सुनेने माझ्यासाठी डबा पाठवला होता. आत पाच लहान कागदी पुड्या होत्या, प्रत्येकीवर वार लिहिलेला आणि प्रत्येकीत दोन बिस्किटे. घरात सरांसाठीही अशाच पुड्या केल्या होत्या, असे त्यांनी सांगितले.

"डॉक्टर," सर म्हणाले, "या वर्षी मी सगळ्यांसमोर बसून खाल्ली."

यंदा तुमच्या घरी डबा भरताना घरातल्या मधुमेही माणसाच्या दोन बिस्किटांची पुडी आधी बांधून ठेवा. ती त्यांच्या हातात द्या आणि त्यांच्या शेजारी बसून खा.